काँक्रीटमधला कार्बन जवळपास निम्म्यावर कसा आणायचा: ड्रॉइंगपासून क्युरिंगपर्यंत

एक घनमीटर काँक्रीट म्हणजे साधारण २४०० किलो माल. त्यात सिमेंट असतं ३०० ते ४०० किलो. पण त्या घनमीटरच्या कार्बन डायऑक्साइडचा हिशोब मांडला, की नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग या एवढ्या सिमेंटच्याच नावावर निघतो. खडी, वाळू, पाणी, प्लांटची वीज हे सगळं मिळून उरलेलं.

मी क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करतो. ‘ग्रीन’ म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मी आता एकच प्रश्न विचारतो: यानं माझ्या घनमीटरमधलं क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल, किती किलोनं कमी होणार? उत्तर किलोत मिळालं तर पुढे बोलायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नावर उभ्या आहेत. त्यातल्या बहुतेक पायऱ्यांना नवं यंत्र लागत नाही. वजनकाटा, बादली, क्यूबचे (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) साचे आणि नीट ठेवलेली वही एवढ्यावर भागतं.

आधी हे समजून घ्या: कार्बन येतो कुठून

चुनखडी आणि माती एकत्र दळून भट्टीत १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवली, की क्लिंकरचे काळसर खडे तयार होतात. त्यात जिप्सम घालून दळलं की झालं सिमेंट. आता नुसती चुनखडी घ्या. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. हा वायू इंधनाचा नाही, दगडाचा आहे. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी तो निघणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात साधारण ६० टक्के वाटा या दगडाचा, बाकीचा इंधन आणि विजेचा. जगात वर्षाला ४ अब्ज टनांच्या आसपास सिमेंट बनतं आणि माणसानं केलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात त्याचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात.

दगडातला वायू रोखता येत नसेल, तर दगड कमी भाजावा लागेल. म्हणजे क्लिंकर कमी वापरायचं. त्याचे तीन मार्ग आहेत: काँक्रीटच कमी लागेल असं बांधणं, काँक्रीटमधलं सिमेंट कमी करणं आणि सिमेंटमधलं क्लिंकर कमी करणं. करायचं याच क्रमानं. बरेच जण थेट तिसऱ्या मार्गावर जातात आणि पहिल्या दोन मार्गांनी मिळणारी बचत तशीच राहून जाते.

पायरी १: आजचा आकडा कागदावर आणा

सध्या वापरात असलेलं मिक्स घ्या. उदाहरणासाठी ३० मेगापास्कलचं (हे ताकदीचं एकक), रोजच्या कामातलं एक मिक्स धरू: साधं पोर्टलँड सिमेंट ३८० किलो, पाणी १९० लिटर, बाकी खडी-वाळू. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५०.

पुरवठादाराकडे त्याच्या सिमेंटचं पर्यावरण घोषणापत्र, म्हणजे ईपीडी, असेल तर त्यातला आकडा घ्या. नसेल तर कामचलाऊ म्हणून किलोमागे ०.९ किलो धरा. खडी-वाळूला किलोमागे ०.००५ पुरेसा आहे. म्हणजे सिमेंटचे ३८० × ०.९ = ३४२ किलो आणि १८५० किलो खडी-वाळूचे साधारण ९ किलो. एकूण ३५१. वाहतूक वेगळी लिहा, कारण ती प्रत्येक साइटला बदलते.

दुसरा एक आकडा याच पानावर लिहून ठेवा: एका मेगापास्कलमागे किती किलो बाइंडर, म्हणजे सिमेंट आणि त्याच्या जागी घातलेली पूड मिळून, जातं. क्यूबची सरासरी ताकद ३८ येत असेल तर ३८० भागिले ३८, म्हणजे १० किलो. हा आकडा मला फार आवडतो, कारण तो मिक्सचा आळस लगेच दाखवतो. दोन साइटवर एकच ग्रेड आणि एकीकडे १०, दुसरीकडे १३ येत असेल, तर दुसरीकडे सिमेंट कशाची तरी भरपाई करतंय. ती कशाची, ते शोधायचं.

पायरी २: ड्रॉइंगवर असतानाच काँक्रीट कमी करा

हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. पण प्रश्न तुम्ही विचारायला हवेत.

बहुमजली इमारतीत सर्वात जास्त काँक्रीट सहसा स्लॅबमध्ये जातं, आणि स्लॅबची जाडी गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर ठरते. गाळा थोडा कमी करून १५० मिलिमीटरचा स्लॅब १२५ वर आला, तर १००० चौरस मीटरला २५ घनमीटर काँक्रीट वाचतं. आपल्या ३५१ च्या हिशोबानं ते पावणेनऊ टन कार्बन डायऑक्साइड झाले, आणि तेही मिक्सला हात न लावता. मोठे गाळे टाळता येत नसतील तर रिब स्लॅब किंवा पोकळ स्लॅबचा विचार करा. रोममधल्या पँथिऑनचा घुमट बांधणाऱ्यांनी हेच केलं होतं. घुमट वर जाताना पातळ होत जातो, आतून चौकोनी खाचा आहेत आणि माथ्याकडच्या काँक्रीटमध्ये हलका प्युमिस दगड आहे.

विचारायचा दुसरा प्रश्न: ताकद २८ दिवसांनीच का हवी? राफ्ट फाउंडेशनवर, म्हणजे इमारतीखालच्या सलग जाड पायावर, पूर्ण भार यायला कित्येक महिने लागतात. तिथे ड्रॉइंगवर ‘५६ दिवस’ किंवा ‘९० दिवस’ असं लिहिलं, तर हळू पण दीर्घकाळ ताकद धरणारी मिक्स वापरता येतात. कमी कार्बनच्या काँक्रीटची सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं तर मी पायाकडे बोट दाखवतो. तिथे घाई नसते आणि जाडी मोठी असल्यामुळे कमी उष्णता हीच मुळात गरज असते. जाड काँक्रीटच्या आतलं तापमान ७० अंशांच्या वर गेलं, तर पुढे काही वर्षांनी आतून फुगून तडे जाण्याचा धोका असतो. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) भरपूर असली की तापमान आपसूक खाली राहतं.

पायरी ३: पाणी कमी करा, सिमेंट आपोआप कमी होईल

डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडलेला नियम आजही रोजच्या कामाचा आहे: काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. प्रमाण ०.५० ठेवायचं आणि पाणी १९० लिटर लागतंय, तर सिमेंट ३८० किलो टाकावंच लागेल. तेच काँक्रीट १६० लिटर पाण्यात हाताळता आलं, तर सिमेंट ३२० किलो पुरेल. साठ किलो वाचले. म्हणून खरा प्रश्न असा होतो: पाणी इतकं का लागतंय?

बहुतेक वेळा उत्तर खडी-वाळूच्या पोकळीत असतं. कण एकमेकांत नीट बसले नाहीत की मधली जागा सिमेंटच्या लगद्यानं भरावी लागते. ही पोकळी तपासायला बादली पुरते.

साधारण १५ लिटरची, मजबूत, सरळ काठाची बादली घ्या. कोरडी २० मिलिमीटर आणि १० मिलिमीटर खडी वजनानं ७०:३० अशी मिसळा, बादली तीन थरांत भरा, प्रत्येक थर सळईनं पंचवीस वेळा ठोसा, वर सपाट करून वजन करा. मग ६५:३५, ६०:४०, ५५:४५ असं करत जा. वजन आधी वाढत जाईल आणि एका ठिकाणी उतरायला लागेल. ज्या प्रमाणाला बादली सर्वात जड भरली, तिथे पोकळी सर्वात कमी. आता त्या खडीच्या मिश्रणात वाळू ३५ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत दोन-दोन टक्क्यांनी वाढवत हाच प्रयोग पुन्हा करा. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रत्यक्ष मिक्ससाठी सर्वात जड बिंदूपेक्षा वाळू किंचित जास्त ठेवा, नाहीतर पंपिंगला त्रास होतो आणि थापी मारताना पृष्ठभाग खरबरीत राहतो.

खडीचा आकारही बघा. चपटे, लांबट तुकडे मुठीत घेतले तरी टोचतात आणि बादलीतही पोकळी वाढवतात. क्रशरवाल्याला गोलसर, घनाकार खडी मागा. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी किती आहे ते चाळून बघा. थोडी भुकटी पोकळी भरते, पण तीत माती असेल तर पाणी पिते.

यानंतर अ‍ॅडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीटमध्ये थोड्या मात्रेत घालायचं रसायन. पॉलिकार्बोक्झिलेट प्रकारचं सुपरप्लास्टिसायझर पाणी २० ते ३० टक्क्यांनी कमी करू शकतं. आपल्या उदाहरणात १९० वरून १६० म्हणजे १६ टक्केच हवंय, त्यामुळे मात्रा मध्यम राहील. सिमेंट आणि अ‍ॅडमिक्श्चरचं एकमेकांशी जुळतं का, हे मात्र आपल्याच मालावर तपासा. एका सिमेंटबरोबर दीड तास स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा, शंकूच्या साच्यानं मोजतात तो) टिकवणारं रसायन दुसऱ्याबरोबर अर्ध्या तासात बसतं.

आणि वाळूचा ओलावा. ७५० किलो वाळूत ४ टक्के जास्तीचं पाणी असेल तर ते ३० लिटर झालं. वरच्या सगळ्या मेहनतीनं वाचवलेलं पाणी बरोब्बर एवढंच आहे. ओलावा दिवसातून किमान दोनदा मोजा, पाऊस पडला तर लगेच मोजा, आणि बॅचिंगमध्ये तेवढं पाणी वजा करा.

पायरी ४: चढ-उतार कमी करा

या पायरीकडे कोणी बघत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. ३० मेगापास्कलची खात्री द्यायची तर सरासरी त्याहून वर ठेवावी लागते. किती वर, ते क्यूबच्या निकालांमधल्या चढ-उतारावर ठरतं. हिशोब असा: लक्ष्य ताकद = ३० + १.६५ × प्रमाणित विचलन. विचलन ५ असेल तर लक्ष्य ३८.२५. विचलन ३.५ वर आणलं तर ३५.८. म्हणजे फक्त काम एकसारखं झालं, तर जवळपास अडीच मेगापास्कल कमी धरून चालतं. पायरी १ मधल्या १० किलोच्या आकड्यानं ते घनमीटरमागे पंचवीस किलोच्या घरात जातं. प्रत्यक्षात थोडं कमी मिळेल, पण मिळेल.

वजनकाट्यांची तपासणी, ओलाव्याची नोंद आणि साइटवर पाणी न मारणं, या तीन गोष्टींनी विचलन उतरतं. तिसरी सर्वात अवघड आहे. ट्रान्झिट मिक्सर येतो, स्लम्प थोडा बसलेला असतो आणि कोणीतरी नळी लावतो. सहा घनमीटरच्या गाडीत ६० लिटर पाणी गेलं, की घनमीटरमागे १० लिटर. आपल्या मिक्समध्ये प्रमाण ०.५० वरून ०.५३ वर गेलं आणि साधारण ३ मेगापास्कल ताकद तिथेच गळाली. हे एकदा घडलं की प्लांटवाला पुढच्या वेळी सावधगिरी म्हणून सिमेंट वाढवतो. या नळीवर उपाय म्हणजे गाडीसोबत अ‍ॅडमिक्श्चरचा मोजलेला कॅन पाठवणं: स्लम्प बसला तर ठरलेली मात्रा टाकायची, ड्रम काही मिनिटं जोरात फिरवायचा, पुन्हा स्लम्प घ्यायचा.

पायरी ५: क्लिंकरच्या जागी दुसरं काय

आता तिसरा मार्ग. इथे पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली दळलेली मळी, सिमेंटची ३० ते ७० टक्के जागा घेऊ शकते. समुद्रकाठच्या कामात तिला मी पहिला मान देतो, कारण क्लोराइडला आत शिरायला ती फार अवघड करते. थंडीत मात्र हळू चालते. फ्लाय अ‍ॅश साधारण २० ते ३५ टक्के. तिचे कण गोल असल्यामुळे काँक्रीट हाताला मऊ लागतं आणि पाणीही थोडं कमी लागतं. सुरुवातीची ताकद मंद, म्हणून सेंटरिंग काढायच्या घाईत ती अडचणीची ठरते. सिलिका फ्यूम ५ ते १० टक्के, फक्त जिथे फार घट्ट काँक्रीट हवंय तिथे. तिच्यामुळे वर पाणी सुटत नाही, त्यामुळे ओला पृष्ठभाग पटकन सुकतो आणि चिरा पडतात.

पण या सगळ्यांची एक मर्यादा आहे आणि ती लपवून चालणार नाही. चांगली स्लॅग जगभर जवळजवळ सगळी वापरली जाते. तुम्ही जास्त घेतलीत तर दुसऱ्या कुणाला तरी कमी मिळते. कोळशाची वीजकेंद्रं बंद होत जातील तशी फ्लाय अ‍ॅश कमी होईल, आणि पोलाद विजेच्या भट्ट्यांकडे वळेल तशी स्लॅग. म्हणून मला सर्वात आशा वाटते ती भाजलेल्या मातीची.

एलसी३, म्हणजे चुनखडी आणि भाजलेली माती घातलेलं सिमेंट, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ठरलेली कृती अशी: क्लिंकर ५० टक्के, भाजलेली माती ३०, न भाजलेली चुनखडी १५, जिप्सम ५. स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठाच्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली, मुंबई, मद्रास इथल्या आयआयटी यांनी मिळून यावर काम केलं. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजते, म्हणजे क्लिंकरच्या निम्म्याच्या आसपास तापमान, आणि तिच्यातून बाहेर पडते ती पाण्याची वाफ. केओलिन ४० टक्क्यांच्या आसपास असलेली साधी माती चालते. कागद आणि चिनीमातीला लागणारी महागडी पांढरी माती लागत नाही. भाजलेल्या मातीतलं अ‍ॅल्युमिना आणि चुनखडी यांची आपापसात अभिक्रिया होते आणि पोकळ्या भरतात, म्हणूनच क्लिंकर निम्मं असूनही सात दिवसांत ताकद साध्या सिमेंटच्या बरोबरीला येते. कार्बन साधारण ३० ते ४० टक्क्यांनी उतरतो.

वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी जास्त मागतं, म्हणून सुपरप्लास्टिसायझरची मात्रा वाढते. स्लम्प लवकर बसतो, म्हणून लांबच्या फेरीसाठी आधी चाचणी हवी. आणि मातीत लोह असेल तर रंग लालसर येतो. उघड्या काँक्रीटच्या भिंतीसाठी मालकाला नमुना आधीच दाखवा.

आपल्या उदाहरणात ३२० किलो बाइंडरपैकी ४० टक्के स्लॅग घेऊ: सिमेंट १९२, स्लॅग १२८. सिमेंटचे १७३ किलो, स्लॅगचे किलोमागे ०.०८ धरून १०, अ‍ॅडमिक्श्चरचे ६, खडी-वाळूचे ९. एकूण १९८. सुरुवात ३५१ वर होती. ४४ टक्के घट, आणि यात कुठलंही दुर्मिळ तंत्र नाही. तुमच्या मानकात त्या वातावरणासाठी किमान बाइंडर आणि कमाल पाणी-बाइंडर प्रमाण किती दिलंय, ते मात्र शेवटचा आकडा ठरवण्याआधी बघा. ती मर्यादा ओलांडू नका.

पायरी ६: ट्रायल घ्या, आणि नुसत्या क्यूबवर थांबू नका

बदल एका वेळी एकच करा. आधी खडीचं प्रमाण, मग पाणी, मग स्लॅग. एकदम सगळं बदललं आणि काही बिघडलं, तर कारण सापडत नाही.

प्रयोगशाळेत स्लम्प शून्य, तीस, साठ आणि नव्वद मिनिटांनी घ्या. शंकू उचलल्यावर नुसता आकडा लिहू नका, बघा. ढीग एकसंध बसला की एका बाजूला घसरला? कडेनं पाण्याची रेघ सुटली का? सळईनं ताटाला बाजूनं टकटक केल्यावर काँक्रीट सावकाश पसरतं की खडी वेगळी पडते? हे डोळ्यांना एकदा कळलं की साइटवर गाडीच्या पन्हाळीतून पडणारं काँक्रीट बघूनही अंदाज येतो.

क्यूब ३, ७, २८ आणि ५६ दिवसांना तोडा. काही क्यूब प्रयोगशाळेच्या टाकीत न ठेवता साइटवर, स्लॅबशेजारी, स्लॅबसारखंच क्युरिंग देऊन, म्हणजे ओलं ठेवून पक्कं होऊ देत, ठेवा. टेकू कधी काढायचे ते या क्यूबवर ठरतं. सोय असेल तर स्लॅबमध्ये तापमानाचे सेन्सर सोडा. तापमान आणि वेळ यांवरून काँक्रीटची परिपक्वता काढता येते, आणि मग ‘सुरक्षेसाठी’ टाकलेलं जादा सिमेंट काढून टाकायचा आत्मविश्वास येतो.

पायरी ७: क्युरिंग

इथे सगळं जमतं किंवा फुकट जातं.

सुरुवातीच्या काळात आम्ही एका भिंतीत फ्लाय अ‍ॅशचं मिक्स वापरलं. प्रयोगशाळेतले क्यूब उत्तम आले. साइटवर शटरिंग दुसऱ्या दिवशी निघालं आणि भिंतीवर दिवसातून दोनदा नळीनं पाणी मारलं गेलं. महिन्याभरानं मी भिंतीवर तळहात घासला तर करडी पूड हाताला लागली. नख ओढलं तर ओरखडा उमटला. आतलं काँक्रीट ठीक होतं. वरचे काही मिलिमीटर, जे सळईचं रक्षण करतात, तेच कच्चे राहिले होते. मिक्सवर ठपका आला, पण चूक क्युरिंगची होती, आणि क्युरिंगची सूचना लिहून न देणारा मीच होतो.

कारण सोपं आहे. फ्लाय अ‍ॅश आणि स्लॅग हळू काम करतात, आणि पाणी असेपर्यंतच करतात. पृष्ठभाग सुकला की ते काम थांबतं. दिवसातून दोनदा पाणी मारलं तर मधल्या तासांत भिंत सुकते.

मग करायचं असं. स्लॅबवर ओतकाम चालू असतानाच, थापी मारण्याआधीच्या काळात, पृष्ठभागावरची ओली चकाकी बघत राहा. ऊन आणि वारा असेल तर ती भराभर जाते. ताशी चौरस मीटरमागे १ किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की प्लास्टिक श्रिंकेजच्या, म्हणजे ओलं काँक्रीट सुकून आकसल्याच्या, चिरा पडायचा धोका. अशा वेळी बारीक फवारा द्या किंवा प्लास्टिकची शीट अंथरा आणि फिनिशिंगपुरतीच बाजूला करा. शेवटची थापी झाली की लगेच शीट, कडेला पट्ट्या ठेवून, जोड एकावर एक घेऊन. काँक्रीट घट्ट झालं की ओलं गोणपाट आणि त्यावर शीट. गोणपाट कायम ओलं हवं: पिळलं तर पाणी गळायला हवं. स्लॅग किंवा फ्लाय अ‍ॅशच्या मिक्सला किमान १० ते १४ दिवस. भिंती आणि कॉलमना शटरिंग जास्त दिवस ठेवणं हेच उत्तम क्युरिंग. ते जमत नसेल तर गोणपाट गुंडाळून वरून शीट आवळून बांधा.

कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईवर काँक्रीटचा ठरलेला थर (कव्हर) राहावा म्हणून लावलेले ठोकळे, ओतकामाच्या दिवशी काँक्रीट पडण्याआधी तपासा. क्लिंकर कमी असलेल्या काँक्रीटमध्ये चुना कमी असतो, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड जरा लवकर आत शिरतो. ४० मिलिमीटर कव्हर लिहिलंय आणि सळई २५ वर बसली, तर वाचवलेला कार्बन पुढे दुरुस्तीत परत जातो.

पायरी ८: पुनर्वापर, पण हिशोब बघून

पाडकामातल्या काँक्रीटची खडी वापरणं चांगलं आहे. डोंगर कमी फुटतात आणि राडारोडा कुठेतरी ओतावा लागत नाही. पण त्यानं कार्बन फार वाचेल अशी अपेक्षा धरू नका. आपल्या मिक्समधल्या सगळ्या खडी-वाळूचा मिळून कार्बन ९ किलो आहे. पुनर्वापराच्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, ती पाणी पिते, ताकद थोडी उतरते, आणि म्हणून कोणी १६ किलो सिमेंट वाढवलं तर १४ किलो कार्बन वाढला. नफा गेला आणि वर तोटा.

म्हणून जाड खडीपुरतं, २० ते ३० टक्क्यांपर्यंत थांबा. खडी आदल्या रात्री भिजवून ठेवा, म्हणजे मिक्समधलं पाणी ओढणार नाही. लाकूड, काच आणि विशेषतः जिप्समचं प्लास्टर वेचून काढा. त्यातलं सल्फेट पुढे काँक्रीट फुगवतं. बारीक भाग पायाभरणीत किंवा रस्त्याच्या थरात टाका. आणि खडी लांबून आणावी लागत असेल तर सोडून द्या.

परत आलेल्या काँक्रीटसाठी ठोकळ्यांचे साचे प्लांटवर तयार ठेवा. पण मूळ उपाय मोजून मागवणं हाच आहे. शेवटच्या गाडीआधी उरलेल्या भागाचं माप टेपनं घ्या.

नव्या तंत्रांबद्दल माझं मत

ओल्या काँक्रीटमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडण्याचं तंत्र खरं आहे. वायू खनिज होऊन आतच राहतो. पण साठवला जाणारा वायू थोडा असतो. खरा फायदा ताकद किंचित वाढल्यामुळे सिमेंट थोडं कमी करता येतं हा. ते कमी केलं नाही तर फारसं काही मिळत नाही.

अल्कलींनी चेतवलेलं जिओपॉलिमर काँक्रीट पोर्टलँड सिमेंटशिवाय बनतं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा वेलकॅम्प (आधीचं नाव ब्रिस्बेन वेस्ट वेलकॅम्प) विमानतळावर ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं, आणि तो विमानतळ २०१४ पासून चालू आहे. त्यातली सोडियमची रसायनं कातडी भाजणारी असतात आणि त्यांचाही स्वतःचा कार्बन असतो. म्हणून मी ते आधी प्रीकास्ट कारखान्यात वापरायला सांगेन, जिथे हातमोजे, वजन आणि तापमान यांवर नजर ठेवता येते.

थ्रीडी प्रिंटिंग शटरिंग वाचवतं. पण नळीतून बाहेर पडणाऱ्या त्या मसाल्यात जाड खडी नसते आणि सिमेंट खूप असतं. आकारातून साहित्य वाचलं तरच हिशोब जमतो.

आणि दगडातला जो वायू काही केल्या टळत नाही, तो धुराड्यातच पकडायचं काम नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये सुरू झालं: वर्षाला ४ लाख टनांची क्षमता, त्या कारखान्याच्या साधारण निम्मं उत्सर्जन. हे व्हायलाच हवं. पण पकडलेला प्रत्येक टन खर्चिक आहे, त्यामुळे आपण आधीच टाळलेल्या टनाची किंमत आणखी वाढते.

पायरी ९: टेंडरमध्ये लिहा, आणि एक बीम मागे ठेवा

‘पर्यावरणपूरक काँक्रीट वापरावे’ असं लिहून काही होत नाही. असं लिहा: या ग्रेडला घनमीटरमागे कमाल इतके किलो कार्बन डायऑक्साइड, ताकद ५६ दिवसांना, कमाल पाणी-बाइंडर प्रमाण इतकं, क्युरिंग सलग इतके दिवस आणि ईपीडी सोबत जोडावा. ‘किमान इतकं सिमेंट’ अशी जुनी अट दुसऱ्या पानावरून तशीच उतरून आली असेल तर ती बाइंडरच्या अटीनं बदला, नाहीतर सगळी मेहनत त्या एका ओळीत अडकेल.

शेवटचं काम ओतकामाच्या दिवशीच करा. त्याच मिक्सचा, हातानं उचलता येईल असा एक छोटा बीम भरा, स्लॅबइतकंच क्युरिंग द्या आणि इमारतीच्या सावलीत, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. वर्षानं त्याचं एक टोक छिन्नीनं फोडा, धूळ झटका आणि ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन, म्हणजे अल्कधर्म रंगानं दाखवणारं रसायन, फवारा. जिथे अल्कधर्म शाबूत आहे तिथे गडद गुलाबी होईल, कडेनं हवेनं खाल्लेली पट्टी बिनरंगी राहील. पट्टीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, तारखेसह वहीत लिहा, मिक्सचा आकडा शेजारी लिहा आणि बीम परत जागेवर ठेवा. पुढच्या वर्षी दुसरं टोक.